दोन पुड्या आणि तुझी साक्ष

आत्या,

तिकडं कुणी तुझ्या कानावर घालायच्या आधी मीच सांगतो. काल तुझ्या स्मरणाच्या प्रार्थनेत मी देवळात, क्रुसासमोर, उभा राहिलो आणि तुझी साक्ष मोडली. सगळ्या मंडळीसमोर, पाळकसाहेबांसमोर, तुझ्या हार घातलेल्या फोटोसमोर. इतक्या वर्षांत मी कधी साक्ष द्यायला उठलो नाही म्हणून टोचून बोलायचीस ना? उठलो एकदाचा. उठलो तो हा असा.

रागावली असशील तर रागाव. मीही शांत झालेलो नाही. आणि मला राग कमी, किळस जास्त आली आहे. माणूस गेलं की गोड लिहायचं असतं म्हणे. मला जमणार नाही, आणि तुला ते आवडलंही नसतं. तुझी खोली आवरायला गेलो तेव्हा आधी खिडकी उघडावी लागली, इतका तो वास भरला होता. तुझ्या पेटीतली एक पुडी फुटली होती. शिंपल्याच्या भुकटीवर स्ट्रॉबेरीचा सेंट मारला की जे काही तयार होतं, त्याचा वास. गोधडीला तो, चांगल्या लुगड्याला तो, पवित्र शास्त्राच्या पानांनाही तोच. मी दाराबाहेर येऊन थुंकलो. तुझ्या उंबऱ्यावर थुंकलो, ते मात्र माफ कर.

तो वास शिंपल्याचा नव्हता. शिंपल्याचा वास आपल्या घराला माहीत आहे. उन्हाळ्यात प्रवरेचं पाणी उतरलं की लुगडं वर खोचून तू नदीत शिरायचीस. खाली बघायचीच नाहीस, पायाच्या तळव्यानं चाचपायचीस. "डोळ्याला दगूड बी शिंपलाच दिसतो. पाय फसत न्हाई," म्हणायचीस. मग एक रात्र ते पातेल्यात पाण्यात ठेवायचे, म्हणजे पोटातली वाळू ओकून टाकतात. सकाळी उकळी आली की एकेक तोंड उघडायचा. जो उघडायचा नाही तो तू बाजूला काढून उकिरड्यावर फेकायचीस. मी एकदा विचारलं, हा का टाकला? "त्यो आदीच मेलेला. त्याला पोटात घेऊ नये." येसूर मसाला लावलेलं ते कालवण, बाजरीची भाकरी, आणि चुलीपुढं बसलेली तू, सगळ्यांची ताटं पुसून झाल्यावर जेवणारी. बेलापूरच्या बाजारात पुढं मी बरंच काही खाल्लं, नगरला कॉलेजात असताना हॉटेलातलंही खाल्लं. तसं काही नाही.

आणि त्याच शिंपल्यांपायी गावानं आपल्याला काय काय ऐकवलं! सुधाकरच्या आईच्या मळ्यात तू खुरपायला जायचीस. ती म्हणायची, "ए मार्थे, आज शिंपलं खाऊन आलीस का गं? सरक तिकडं, वाऱ्याच्या अंगाला बसू नको." हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. सुधाकर माझ्या वर्गात. मी शेजारी बसलो की तो नाक धरायचा, आणि दहावीपर्यंत वर्गात माझं नाव 'शिंपल्या' होतं. मी बीएस्सी झालो, आपल्या अख्ख्या वस्तीतला पहिला. पेढे वाटायला तू त्यांच्या मळ्यावर मुद्दाम गेलीस. त्याच्या आईनं पेढा घेतला आणि कठड्यावर ठेवला. खाल्ला नाही. तू घरी येऊन हसत सांगितलंस, "मुंग्यांचं नशीब." मी आज दूध संघाच्या प्रयोगशाळेत बसतो, दुधात कुणी काय कालवलंय ते काढतो, आणि अजूनही कधीकधी तो कठड्यावरचा पेढा आठवतो.

आता सांग, त्या सुधाकरनं शिंपल्याची पावडर तुला विकावी?

खरं तर त्यानं ती तुला विकली नाही. तो आला, आपल्या दारात चप्पल काढली, आणि म्हणाला, "मार्थाताई, हल्ली थकवा जाणवतो का?"

मार्थाताई. तिथंच तू गेलीस.

तू मला ओढून एकदा त्या पावडरवाल्या कंपनीच्या मीटिंगला नेलंस. मंगल कार्यालय, भिंतभर पडदा, भोंग्यातून फाटणारं संगीत, आणि दर दोन वाक्यांनी टाळ्या. गळ्यात टाय घातलेली कालची पोरं एकमेकांना 'सर' म्हणत होती. सुधाकरनं तुला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. खुर्चीला कापड होतं, मागं गाठ मारलेलं. तू आधी त्या कापडावरून हात फिरवलास, मग बसलीस. अगदी टोकावर.

मग त्यानं काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, त्यात जखमेवर लावायच्या आयोडीनचे थेंब सोडले. पाणी तांबूस झालं. "हा तुमच्या शरीरातला गंज!" तो ओरडला. मग त्यात पुडी सोडून ढवळली. पाणी स्वच्छ. "आणि हे अँटीऑक्सिडंट! समुद्री शिंपल्यातलं पेप्टाइड! थकवा मुळापासून!" टाळ्या. तूही वाजवल्यास. हा खेळ आमच्या प्रयोगशाळेतला शिपाईसुद्धा करील.

दुसऱ्या दिवशी तुझ्या ओट्यावर मीही तसंच केलं. तसंच पाणी, तसंच आयोडीन. फक्त पुडीऐवजी लिंबू पिळलं. पाणी स्वच्छ. तू डोळे बारीक करून बघत राहिलीस.

"म्हंजी लिंबात बी त्येच हाय?"

"रंग घालवण्यापुरतं, हो. त्याच्या पुडीतही लिंबातलंच सी जीवनसत्त्व मिसळलेलं असणार. शिंपल्याचा यात काही संबंध नाही."

"मंग तू लिंबाचा धंदा कर की, ए बीएस्सी. तुला बी टाळ्या वाजवते मी."

मी चिडलो. तुला सगळं समजावून सांगितलं, माझ्या परीनं साध्या शब्दांत. शिंपल्याच्या मांसातलं प्रथिन घेतात, ते विकरांनी कापतात, त्याचे बारीक तुकडे म्हणजे पेप्टाइड. प्रयोगशाळेच्या नळीत त्यांतले काही तुकडे ऑक्सिडीकरण रोखतात, हे खरं आहे. काही प्रयोगांत उंदरांना ते पाजून पाण्यात सोडतात आणि ते उंदीर उशिरा थकतात, हेही खरं आहे. शास्त्राची टिंगल मी करणार नाही. माझी भाकरी त्यावर आहे. पण नळीतून उंदरापर्यंत आणि उंदरापासून तुझ्यापर्यंत लांबचा रस्ता आहे. आपल्या पोटात गेल्यावर त्या तुकड्यांचं काय होतं, माणसाला किती द्यावं लागतं, कुणाला चालत नाही, हे सगळं मध्ये पडलंय. आणि सुधाकर तो रस्ता एका टाळीत ओलांडतो. "उंदीर पोहला म्हणून तू पोहशील का, आत्या?"

तू भाकरी थापायची थांबली नाहीस. म्हणालीस, "त्या उंदराला कुनी तरी बगितलं ना, थकला का म्हनून?"

मी म्हणालो, दवाखान्यात चल, रक्त तपासू, थकव्याला काहीतरी कारण असतं. तू म्हणालीस, कारण काय आसायचंय, वय हाय. वाद तिथंच राहिला. पुढं आपण तो रोज थोडाथोडा भांडलो, पण त्या वाक्याच्या पुढं कधी गेलो नाही.

आणि मग तू साक्ष दिलीस.

बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही, पण तुला-मला माहीत आहे. आपल्या देवळात माणूस उठून साक्ष देतो. देवानं तापातून उठवलं, दारू सुटली, हरवलेली म्हैस सापडली. आणि साक्षीला उलट प्रश्न विचारायचा नसतो. ताप किती होता, म्हैस कुणी आणली, असं कुणी विचारत नाही. सगळे 'आमेन' म्हणतात आणि पुढचं गीत सुरू होतं. तुझी साक्ष तर अख्ख्या मंडळीत नावाजलेली. तू कधी तिखटमीठ लावलं नाहीस. आतोबा वारले तेव्हाही उठून एवढंच म्हणालीस, "दुखतंय, पन देव हाय." म्हातारे पाळकसाहेबही रडले होते.

ती साक्ष तू मंगल कार्यालयात नेलीस. तेच उभं राहणं, तोच डोक्यावरचा पदर, तेच दोन्ही हात पुढं गुंफलेले. "मी मार्था. मला दम लागायचा, पाय भरून यायचे. आता मला थकवा येत न्हाई." सुधाकरनं मोबाईलवर चित्रण केलं. कंपनीवाल्यांना वाटलं, बाई छान बोलली. आपल्या बायकांना ऐकू आलं ते वेगळं. त्यांना वाटलं, मार्थानं साक्ष दिली.

एस्तेर मावशीला तर नक्कीच. तुझी जन्माची मैत्रीण, नदीत तुझ्या शेजारी पायानं चाचपणारी. तिचे पाय संध्याकाळी सुजतात, बोटानं दाबलं की खड्डा राहतो, चार पायऱ्या चढली की भिंत धरते. मी तिलाही सांगितलं, मावशी, दवाखाना. ती म्हणाली, "मी पुड्या चालू केल्यात. मार्था खोटं बोलायची न्हाई." मी म्हणालो, पण मार्थाच भिंत धरून चालते, दिसत नाही का? ती म्हणाली, "तू शिकलास न् तुजा इश्वास गेला."

आणि एके दिवशी तू भिंत धरूनही चालली नाहीस. ओट्यावर बसलीस ती बसलीसच.

डॉक्टर काय म्हणाले ते तुला त्या वेळी सांगितलं नव्हतं, आता सांगतो. रक्त फार कमी झालं होतं, कित्येक महिन्यांपासून होत असणार. त्या पातळ रक्तावर हृदय ओढत राहिलं आणि दमलं. "आधी का नाही आणलं?" असं त्यांनी मला विचारलं. पावडरीनं तुला मारलं असं मी म्हणत नाही, म्हणणार नाही. दुधात पाणी असेल तर पाणी म्हणतो, युरिया म्हणत नाही. पण थकवा म्हणजे दारावरची कडी वाजत होती, आत्या. त्या लोकांनी तुला कडी ऐकू येऊ नये म्हणून भोंगा लावला. आणि तू त्या भोंग्यात स्वतःचा आवाज दिलास.

वॉर्डात दुपारची वेळ होती. शेजारच्या खाटेवरची बाई डबा खात होती. तू मला जवळ बोलावलंस.

"ऐक. मी त्या पुड्या दोनच पिले."

"काय?"

"दोन. दुसरीला ओकले. लई घान वास रे. शिंपलं कदी आसं नासवू नये." आणि हसलीस, दम लागेपर्यंत. "बाकीच्या पेटीत हायेत."

"मग तू तिथं उभी राहून..."

"पहिल्यांदी बोलले तवा वाटत हुतं, पुडं फरक पडंल. मंग त्यो दर बारीला बोलवायचा. खुर्ची द्यायचा. त्याच्या आईनं मला उंबऱ्याच्या आत घेतलं न्हवतं कदी, त्यो मला ताई म्हनतो. मंग काय म्हनू, न्हाई पीत?" थोड्या वेळानं म्हणालीस, "कुनाला सांगू नको."

मी हो म्हणालो नव्हतो. नीट आठव. मी तुझ्या उशीखालची चादर सारखी केली आणि पाणी आणायला गेलो. तू माझ्याकडं शब्द मागितलास आणि मी दिला नाही.

खरं सांगू? तेव्हा मला तुझीही किळस आली. जिनं मला शिकवलं की तोंड न उघडलेला शिंपला पोटात घेऊ नये, ती बाई एका कापड बांधलेल्या खुर्चीसाठी तोंड मिटून बसली. पाण्याचा तांब्या घेऊन मी बराच वेळ व्हरांड्यात उभा होतो. मग वाटलं, अख्ख्या गावानं आयुष्यभर जिला खुर्ची दिली नाही, तिला पहिली मिळालेली खुर्ची सोडवेना, यात किळस तिची यावी का गावाची? हा हिशेब मला अजून सुटलेला नाही.

तुला मातीला देऊन आलो आणि हातपाय धुवायच्या आत सुधाकर आला. गळ्यात पडला. त्याच्या शर्टाला तोच सेंट. म्हणाला, "लई वाईट झालं रे. ताईंनी किती माणसं जोडली." मग मोबाईल काढला. गटावर तुझा फोटो टाकून झाला होता: हार, मेणबत्ती, 'शेवटच्या श्वासापर्यंत उत्साही', आणि खाली कोपऱ्यात पुडीचं चित्र. तुझ्या हनुवटीला पुडी चिकटली होती, आत्या.

"रविवारी स्मरणाची प्रार्थना आहे ना?" तो म्हणाला. "ताईंचा तो व्हिडिओ लावू. दोन मिनिटं. पाळकसाहेबांना विचारलंय मी. श्रद्धांजलीच होईल ती."

"आणि पुड्या?"

"आणतो थोड्या. वाटायला. ताईंच्या नावानं." डोळे पुसत म्हणाला. खरंच पुसत होता. मला सगळ्यात जास्त शिसारी त्याचीच आली. नाटकी असता तर सोपं होतं.

मी म्हणालो, "सुधाकर, तुला आठवतं, तू वर्गात नाक धरायचास?"

"अरे, जुनं काय काढतो? ल्हान हुतो आपन."

"आता नाक धर," मी म्हणालो. "आता धरायची वेळ आहे." त्याला कळलं नाही. कळलं असतं तरी तो आला असता.

म्हणून काल उठलो. पहिल्या बाकावर सुधाकर, पायाशी पिशवी, समोर पडदा लावायची खटपट चाललेली. एस्तेर मावशी तिसऱ्या बाकावर, चप्पल पायात जात नव्हती म्हणून अर्धी घातलेली. ती चप्पल मी पाहिली. पाहिली नसती तर कदाचित बसून राहिलो असतो. तुझं नाव राखलं असतं.

पाळकसाहेब म्हणाले, कुणाला साक्ष द्यायची आहे का? मी उठलो. हात कुठं ठेवावेत कळेना, तुझ्यासारखे गुंफले.

"मी मार्थाबाईंचा भाचा. माझी आत्या थकली होती. पावडरीनं तिचा थकवा गेला नाही. तिनं दोनच पुड्या घेतल्या आणि दुसरी ओकली. हे तिनं मला स्वतः सांगितलं. तिचं रक्त कमी होतं, तपासलं असतं तर कळलं असतं. ती तुमच्याशी खोटं बोलली, कारण तिला बसायला खुर्ची मिळाली होती. ती वाईट नव्हती. ती थकलेली होती. कुणाला दम लागत असेल, पाय सुजत असतील, तर उद्या सकाळी माझ्याबरोबर दवाखान्यात चला. एवढंच."

कुणी आमेन म्हटलं नाही. पंख्याचा आवाज येत होता. सुधाकर माझ्याकडं असा बघत होता, जणू मीच त्याच्या शेजारी घाण करून ठेवली. मग मागून कुणीतरी गीत सुरू केलं, चुकीच्या कडव्यापासून. पाळकसाहेबांनी पडदा गुंडाळायची खूण केली. बाहेर निघताना एस्तेर मावशी माझ्यासमोर थांबली आणि म्हणाली, "मेलेल्या मानसाला नागवं केलंस. शिकून ह्येच शिकलास?" पदर तोंडाला लावून गेली.

घरी आलो. जेवलो नाही. वाटलं, तुलाही गमावलं आणि तिलाही.

आज सकाळी दारात मोटारसायकल पुसत होतो. एस्तेर मावशी आली. चांगलं लुगडं, हातात पिशवी, पायात नातवाची मोठी चप्पल.

"काढ गाडी. तुझ्याशी बोलनार न्हाई मी. नुसती चालव."

मी चालवली. ती मागं एका अंगाला बसून, माझा शर्ट धरून. श्वास मला पाठीत जाणवत होता. प्रवरेच्या पुलावर आलो तेव्हा पाणी उतरलेलं होतं, दगड उघडे पडले होते. तिनं खाली पाहिलं असावं, कारण तिथंच बोलली.

"दोनच पिली हुती? खरं सांग."

"दोनच, मावशी."

मग माझ्या पाठीवर डोकं टेकलं, आणि आवाज आला, अगदी बारीक:

"मला बी वास सोसायचा न्हाई रे. नाक धरून प्यायचे. एक बी चुकवली न्हाई. म्हनायचे, मार्था पिते ना."

आत्या, याचं उत्तर तू द्यायचं होतंस. मी गाडी हळू केली, खड्डा चुकवला, आणि दवाखान्याच्या रस्त्याला वळवली.